धवलेरीचं गाणं आणि आमचा प्रोसेसर

माझा नवरा हट्टी आहे हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नव्हतं. कॅमेरा चांगला चालवतो, एवढंच सांगितलं होतं. जव्हारच्या एसटी स्टँडवरून बाजाराकडे येताना आमचा स्टुडिओ होता. पुढे फोटोचं दुकान, मागे आम्ही राहायचो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. माझ्या पगारावर घर चालायचं आणि ह्यांच्या धंद्यावर ह्यांची हौस चालायची. असं दोघांनी बसून काही ठरवलं नव्हतं, पण होतं खरं तसंच.

लग्नसराई आली की हे कॅमेरा घेऊन जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांतून फिरायचे. शूटिंग करून आले की कॉम्प्युटरवर मिक्सिंग. मिक्सिंग म्हणजे नको ते कापायचं, नवरानवरीच्या चेहऱ्याभोवती गुलाबाची फुलं गोल गोल फिरवायची, आणि मूळ आवाज पुसून त्यावर सिनेमाची गाणी बसवायची. मूळ आवाज कुणालाच नको असायचा. त्यात असतंय काय? पोरांची रडारड, भांड्यांचा खणखणाट आणि कुणाचं तरी 'अगं बाजूला हो, दिसत नाय.' लग्नघरचे लोक स्वतःच सांगून जायचे, हळदीला हे गाणं टाका, पाठवणीला ते टाका. आमचा कॉम्प्युटर जुना होता. एक लग्न तयार करायला लावलं की रात्रभर घुरघुरत बसायचा आणि पहाटे लाईट गेली की सगळं मुसळ केरात.

तेव्हा ह्यांनी प्रोसेसर बदलायचं मनावर घेतलं. म्हणजे जेवताना प्रोसेसर, झोपताना प्रोसेसर. दिवाळी झाल्यावर मुंबईला गेले आणि लॅमिंग्टन रोडवरून तेव्हाचा सगळ्यात वरचा प्रोसेसर आणि त्याला लागणारा मदरबोर्ड घेऊन आले. सगळी वाट एसटीत खोका मांडीवर. वरच्या फळीवर ठेवला तर खड्ड्यांनी हादरेल, खाली ठेवला तर कुणाचा पाय लागेल. वाटेत वाड्याला गाडी थांबली तेव्हा कुणी विचारलं म्हणे, भाऊ, मिठाई आहे काय?

मी खोका उघडून बघितला आणि म्हटलं, "अहो, एवढंसंच?" ग्लुकोजच्या बिस्किटाएवढा तो तुकडा. त्याच्या डोक्यावर बसवायचा पंखा मात्र आमच्या आमटीच्या वाटीपेक्षा मोठा. नाकापेक्षा मोती जड. हे हसले नाहीत. दुकानदाराने ह्यांना घाबरवून सोडलं होतं. पंख्याची क्लिप बसवताना स्क्रूड्रायव्हर घसरला, प्रोसेसरच्या कोपऱ्याचा टवका उडाला, की गेलं सगळं, परत घेणार नाही. मला टॉर्च धरायला बसवलं. ह्यांच्या कपाळावर घाम, आणि हे ओरडताहेत, "अगं उजेड स्थिर ठेव!" मी म्हटलं, "उजेड स्थिर आहे, तुमची मान हलतेय." शेवटी क्लिप बसली. कट्‌ असा आवाज आला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, की हा बसल्याचा आवाज की फुटल्याचा.

बसल्याचा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावलेलं लग्न जेवायच्या आत तयार झालं. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू. पण सुखाने राहतील तर हे कसले! नाशिकच्या एका कॉम्प्युटर मेकॅनिकशी ह्यांची ओळख होती. त्याच्याकडून ऐकून आले की प्रोसेसर आहे त्याहून जास्त पळवता येतो. त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. मदरबोर्डवर जंपर नावाच्या बारीक टोप्या असतात. एका जागची काढून दुसऱ्या जागी घातली की आतली चाल वाढते.

"कंपनीला नाही का ते कळत?" मी विचारलं.

"कंपनी हातचं राखून देते गं. अंगात जोर असतो त्याच्या, वापरू देत नाहीत."

"म्हणजे चालत्या बैलाला पराणी टोचायची."

"तुला नाही कळायचं."

मला कळत नव्हतं ते खरंच, पण अति तिथं माती एवढं कळत होतं. ते मी म्हटलं, आणि त्यांनी चिमट्याने टोपी हलवली.

थंडीचे दिवस होते. आणि जव्हारच्या माणसाला आपल्या हवेचा भारी गर्व. पाहुणा आला की आधी हवा दाखवायची, मग पाणी द्यायचं. हे तर छाती फुगवून सांगत होते, मुंबईच्या उकाड्यात जे मशीन टिकणार नाही ते आपल्या जव्हारात आरामात पळतं, आपली हवाच त्याला मानवते. आणि पळत होतं, बाई. पौष-माघात खिडकी उघडी ठेवून, डबा उघडा टाकून ते असं पळालं की मी गप्प बसले. मोखाड्याचे दुसरे फोटोवाले येऊन बघून गेले. ह्यांनी त्यांना चहा पाजला आणि मान हलवत राहिले, जसा काही प्रोसेसर स्वतःच भट्टीत घडवलाय.

फाल्गुन सरला तशी हवेने पाठ फिरवली. पडद्यावर एका कोपऱ्यात प्रोसेसर किती तापलाय त्याचा आकडा दिसायचा. शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी मी तो आकडा बघायचे, तापातल्या पोराच्या कपाळाला हात लावून बघावं तसा. चढलेलाच असायचा. मग मशीन मध्येच थिजायला लागलं. पडद्यावर नवरीचा हात हवेत, आणि तो हात काही खाली येत नाही. हे टेबलफॅन लावायचे. मग खिडकीला ओलं गोणपाट टांगलं आणि त्याच्यातून वारा येईल असा फॅन ठेवला. गोणपाटावर दर थोड्या वेळाने पाणी मारायचं. नळाला एक दिवसाआड पाणी येत होतं तेव्हा, आणि हा माणूस मशीनला आंघोळ घालत होता.

"अहो, पुन्हा आधीच्या चालीवर आणा ना त्याला," मी रोज सांगायचे.

"सीझन चालू आहे. आता मागे आणलं तर कॅसेटी कधी देणार?"

रोज तेच. माझा जीव टांगणीला लागलेला. प्रोसेसर जळाला तर सगळी लग्नं त्यात अडकलेली, आणि लोक माझ्या दारात येणार. मला सगळ्यात जास्त भीती कशाची होती सांगू? हे कॅमेऱ्याच्या कॅसेटी पुन्हा वापरायचे. एका लग्नाचं चित्र कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये उतरवलं की तीच कॅसेट पुढच्या लग्नाला. म्हणजे मागचं लग्न उरलं ते फक्त त्या डब्यात. आमच्या धंद्यात सगळेच तसं करायचे. पण सगळ्यांनी आपल्या मशीनला पराणी टोचली नव्हती.

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. बाजाराचा दिवस होता. दुकानाच्या पायरीवर एक बाई येऊन बसली. माझ्याच वयाची असेल, वारली, सूर्यमाळेकडच्या एका पाड्यातली. मी म्हटलं, फोटो काढायचाय का? ती मानेनेच नाही म्हणाली. पाणी मागितलं. मी तांब्या दिला तर अर्धाच प्यायली आणि खिडकीच्या ओल्या गोणपाटाकडे बघत राहिली.

"त्याला पानी कशाला मारता?" तिने विचारलं.

"आत मशीन आहे, ते तापतं म्हणून," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला लाज वाटली. तिच्याकडच्या बाया ह्या दिवसांत एका हंड्यासाठी डोंगर उतरतात हे मला काय माहीत नव्हतं? ती मात्र काही लागट बोलली नाही. तिचं काम वेगळं होतं.

तिची सासू धवलेरी होती. वारल्यांत लग्नं लावते ती धवलेरी. तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवीचा चौक काढतात, तेव्हा तिने गायचं. ते गाणं झाल्याशिवाय लग्न लागत नाही. माघात त्यांच्या पाड्यात एक लग्न झालं होतं, त्याचं शूटिंग ह्यांनी केलं होतं. त्यानंतर महिन्याभरात सासूच्या अंगावरून वारं गेलं. अर्धं अंग लुळं पडलं, आणि बोलणं बंद. ही सून तिच्यामागे बसून शिकत होती. बहुतेक गाणी आली होती. पण चौकाचं गाणं लांबलचक, आणि त्यातला मधला भाग सासू एकटीच म्हणायची, मागच्यांनी फक्त शेवट धरायचा. तेवढा भाग हिला येत नव्हता. आणि पाड्यात पुढचं लग्न पंधरवड्यावर येऊन ठेपलं होतं.

"दुसऱ्या पाड्यातली धवलेरी शिकवेल की," मी म्हटलं.

"तिचा गाना तिचा. माझे सासूचा तसा नाय. तिच्याकडून घेतला तर मी तिची झाले, सासूची कुठं राह्यले?" मग पदराशी चाळा करत म्हणाली, "त्या लग्नातल्या नवऱ्याच्या घरी कॅसेट बघली मी, बाय. सासूचा तोंड हालतंय, आन् आवाज दुसऱ्याच कुन्या बाईचा. तिचा आवाज कुठं गेला?"

तिच्या सासूच्या तोंडावर ह्यांनी कुठलंसं सिनेमातलं गाणं चिकटवलं होतं. मी उठून आत गेले. हे मशीनपुढे बसलेले.

"माघातलं ते लग्न आहे का अजून, मूळ आवाजाचं?"

"आहे. नवऱ्याकडच्यांना अजून एक कॅसेट हवीय, म्हणून पुसलं नाही." मी हुश्श केलं. मग हे हळूच म्हणाले, "पण उघडेल की नाही काय माहीत."

"म्हणजे?"

चार दिवस झाले होते, फायली बिघडत होत्या. मला सांगितलं नव्हतं. चित्रात हिरवे चौकोन यायचे, आवाज घोगरा व्हायचा, कधी फाइल उघडायचीच नाही. हे उन्हाला दोष देत गोणपाटावर आणखी पाणी मारत होते. त्या बाईला आत बोलावलं, भिंतीशी पाट दिला, आणि ह्यांनी फाइलवर क्लिक केलं. काळा पडदा. मशीन थिजलं. बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला मी ओरडले, "हात लावू नका! आहे तेही घालवाल. आधी नाशिकला फोन करा."

हे एसटीडी बूथवर गेले. मी आणि ती दोघीच. मी चहा टाकला, तिने घेतला नाही. ती त्या डब्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. काय बोलणार? तुझी सासू ह्याच्यात आहे आणि आम्ही तिला पळवून पळवून मारत आणलंय, असं सांगू? मनातल्या मनात मी ज्या त्या देवाला नवस बोलत होते. शाळेत पोरांना सांगायचे, नवसाने काही होत नाही. त्या दिवशी पटापट बोलत होते.

हे आले ते तोंड पाडून. मेकॅनिकने चांगलंच झापलं होतं. चाल वाढवली की प्रोसेसर एकटा पळत नाही, त्याच चालीवर हार्ड डिस्कलाही पळावं लागतं. प्रोसेसर दणकट होता म्हणून टिकला. डिस्कला झेपत नव्हतं, ती चुकीचं लिहीत होती. उन्हाचा दोष अर्धा, टोपीचा अर्धा. आता टोपी मूळ जागी घालायची, पूर्ण गार होऊ द्यायचं, आणि मगच उघडायचं. वाचेल की नाही ते तोही सांगू शकत नव्हता.

मी टॉर्च शोधायला उठले. बोलले असते तर थांबलेच नसते.

ह्यांनी चिमटा घेतला. मी टॉर्च धरला. टोपी एकदा निसटून खाली पडली, तर ती बाई झटकन उठली आणि तिनेच फरशीवरून वेचून ह्यांच्या तळहातावर ठेवली. मशीन गार होईपर्यंत आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. बाहेर बाजार उठत आला होता. तिला सूर्यमाळेकडची शेवटची गाडी गाठायची होती, मी घड्याळाकडे बघत होते, ती बघत नव्हती.

मग चालू केलं. हळूहळू, आळोखेपिळोखे देत जागं झालं. ह्यांनी फाइल उघडली. कडेला थोडे हिरवे चौकोन आले आणि गेले. भिंत दिसली, चौक काढणाऱ्या बायांचे हात दिसले, आणि आवाज आला. खणखणीत, थोडा चिरका, म्हाताऱ्या बाईचा आवाज. त्या सुनेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला रडूच फुटलं. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "वाचलं गं, वाचलं!" आणि मला त्या क्षणी त्यांचे सगळे अपराध माफ होते.

ती पुढे सरकली. ओठ हालायला लागले. सासूबरोबर म्हणत होती, आलेला भाग. मग तिने श्वास रोखला, म्हणजे मधला भाग आता येणार. सासूने आवाज उंच उचलला, एक ओळ म्हटली, आणि चित्रात ह्यांचा आवाज आला: "बास झालं हिचं. ए, लाईट उचल, नवरीकडे चल."

आणि एकदम मांडव दिसला. नवरी, करवल्या, हळदीची परात.

आधी मला वाटलं फाइल बिघडली. ह्यांनी मागेपुढे करून बघितलं. बिघडलं काहीच नव्हतं, लग्न शेवटपर्यंत धडधाकट होतं. ह्यांनी कॅमेराच बंद केला होता. ह्यांची ती पद्धतच होती. गाण्याचा आवाज नाहीतरी पुसायचाच, तर त्यावर टेप आणि बॅटरी कशाला घालवायची? तोंड हालताना थोडं घ्यायचं आणि पुढे जायचं. प्रोसेसर जळाला असता, डिस्क फुटली असती, सगळं ह्यांच्या हातून वाचलं असतं किंवा गेलं असतं, त्याने काही फरक पडणार नव्हता. ते गाणं त्या डब्यात कधी आलंच नव्हतं.

"फुडचा?" तिने विचारलं.

ह्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला. शेवटी मीच म्हटलं, "एवढंच आहे गं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "हे भाऊ गेले तरी ती म्हनत व्हती. लई वेळ म्हनली. मी तिथंच व्हते, पीठ कालवत." एवढं बोलून उठली आणि गाडीला गेली. मी तिच्यामागे स्टँडपर्यंत गेले, काहीबाही बोलत राहिले, आठवून बघ, जमेल तुला, असलं काहीतरी. तिने गाडीत बसताना माझा हात धरला. मला समजावल्यासारखा.

पंधरवड्यावर आलेल्या त्या लग्नाला दुसऱ्या पाड्यातली धवलेरी बोलावली. शूटिंगला हेच गेले. मी हट्टाने बरोबर गेले. चौकाचं गाणं सुरू झालं आणि ह्यांनी कॅमेरा हलवला नाही. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत घेतलं, टेप संपत आली तरी घेतलं. लाईटवाला दोनदा म्हणाला, भाऊ, नवरीकडे चला. हे हलले नाहीत. सासूला खाटेवर घालून आणलं होतं, तिचा मान म्हणून. नवी धवलेरी मधल्या भागाला आली तेव्हा म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवलं. सून तिच्या पायाशी बसली होती, तिने पांघरूण सारखं केलं.

ह्यांनी ती कॅसेट मूळ आवाजासकट तयार केली. चार दिवसांनी लग्नघरचे ती परत घेऊन आले. म्हणाले, गाणं टाकायचं विसरलात काय? मी आतून ऐकत होते. ह्यांनी काही वाद घातला नाही. सिनेमाचं गाणं बसवून दिलं.

प्रोसेसर त्यानंतर मूळच्याच चालीवर राहिला. ती सून धवलेरी झाली नाही. पण बाजाराच्या दिवशी जव्हारला आली की आमच्याकडे यायची आणि पाटावर बसायची. मी शाळेतून आले असेन तर मशीन लावून द्यायचे. सासूचा आवाज सुरू व्हायचा. मधला भाग यायच्या जरा आधी ती हात वर करायची, आणि मी तिथेच बटण दाबून थांबवायचे. ह्यांचं ते 'बास झालं हिचं' तिने पुन्हा एकदाही ऐकलं नाही.